स्लॅशरच्या पात्यांचे बोल्ट जाम झाले? पाईप लावण्याआधी हे करा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ऊस तुटून गेला की पाचट कुट्टीला, वेचणी संपली की पऱ्हाटीला आणि एरवी बागेतल्या गवताला, ट्रॅक्टरमागचा स्लॅशर, म्हणजे आडव्या फिरणाऱ्या पात्यांचं कापणी यंत्र, आता गावोगाव फिरतो. त्याच्या पात्यांच्या बोल्टबद्दल या पंधरवड्यात तीन प्रश्न आले. तिन्हींची उत्तरं एकत्र देतो, कारण एकाच्या उत्तरात दुसऱ्याचं अर्धं उत्तर आहे.

प्रश्न पहिला, वाळवा तालुक्यातून: "आमचा स्लॅशर पावसाळाभर गोठ्यामागे उघड्यावर होता. पाती बोथट झालीत, बदलायची तर नट जागचा हलत नाही. पान्याला पाईप लावून दोघं लटकलो, पाना घसरला आणि नटाचे कोपरे गेले. खोडव्याला पाणी द्यायचंय, पाचट तसंच पडलंय. भाऊ म्हणतो, पेटवून मोकळं होऊ."

दादा, पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय पदार्थ एका काडीत जातो, आणि तो विकत घ्यायचा म्हटलं तर परवडत नाही. ते चार दिवस थांबेल. बोल्ट दोन दिवसांत निघेल.

आधी यंत्र कसं उभं केलंय ते सांगा. तुम्ही ते लिहिलं नाहीत, म्हणून मला धास्ती वाटते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वस्तीवर गेलो होतो. स्लॅशर हायड्रोलिकवर उचललेला, ट्रॅक्टर बंद, आणि एक तरुण खाली पाठीवर झोपून घण मारत होता. मी त्याला बाहेर बोलावलं. आम्ही चहा घेत बोलत होतो तेवढ्यात यंत्र हळूहळू चार बोटं खाली आलं, आवाजसुद्धा झाला नाही. इंजिन बंद असलं की लिफ्टचं तेल सीलमधून मागे सरकतं आणि वजन खाली येतं. कोणी चुकून लीव्हरला हात लावला तर क्षणात येतं. म्हणून लिफ्टच्या किंवा नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. सगळ्यात बरं म्हणजे स्लॅशर ट्रॅक्टरपासून सोडवा, पीटीओचा शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) काढून ठेवा आणि चारी कोपऱ्यांना बाभळीचे किंवा रेल्वेच्या स्लीपरसारखे जाड ठोकळे द्या. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते हादऱ्याने फुटतात. सोडवणं जमत नसेल तर इंजिन बंद, किल्ली स्वतःच्या खिशात, शाफ्ट तरीही काढलेला आणि ठोकळे तरीही दिलेले. पाती बोथट असली तरी कापतात, त्यांच्या धारेला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा. पाना घसरला की मनगट थेट धारेवर जातं.

आता नट. बहुतेक स्लॅशरमध्ये वरच्या पत्र्याला, गिअरबॉक्सच्या बाजूला, एक गोल भोक असतं. खालचा तवा, म्हणजे पाती जिला अडकवलेली असतात ती गोल चकती, हाताने फिरवला की बोल्ट बरोबर त्या भोकाखाली येतो आणि वरून उभ्याने बॉक्स पाना घालता येतो. अनेकांना हे भोक ठाऊकच नसतं, कारण पाचटाचा चिखल बसून ते पत्र्याशी एकजीव झालेलं असतं. वरून खरवडून बघा. तुमच्याकडे ते निघालं तर खाली झोपायची निम्मी गरज संपली. बोल्टाच्या डोक्याजवळ लॉकपट्टी किंवा नटात स्प्लिट पिन आहे का तेही बघा. पिन तशीच ठेवून नटाशी झगडणारे मी पाहिलेत. गंजाच्या पापुद्र्याखाली ती दिसतच नाही.

नट धरून का बसतो, हे कळलं की पाईपचा मोह सुटतो. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांमधली केसाएवढी फट त्या गंजाने ठासून भरते. त्यात आपली काळी माती, पाचटाचा रस, कुठे युरियाचा हात लागलेला. ही ठासलेली भुकटी जोराने तुटत नाही, जोराने नटाचे कोपरे जातात. ती मऊ करावी लागते आणि हादरवावी लागते.

तारेच्या ब्रशने बोल्टाचे बाहेर आलेले आटे लख्ख करा, नाहीतर नट सुटूनही पुढच्या गंजात पुन्हा अडकेल. मग गंज सोडवायचा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेलही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. संध्याकाळी मारा, रात्री झोपण्याआधी पुन्हा, सकाळी पुन्हा. दर वेळी तेल मारल्यावर हातोड्याने ठोका, पण कसं ते नीट वाचा. नटाच्या एका सपाट बाजूला जड घण टेकवून धरा आणि समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने मारा. फिरवत फिरवत सहाही बाजूंवर असं करा. दोन हातोड्यांच्या मध्ये नट क्षणभर दबतो, गंजाला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून तेल आत उतरतं. बोल्टाच्या आट्याच्या टोकावर मात्र घाव घालू नका. टोक छत्रीसारखं पसरतं आणि मग नट कधीच बाहेर येत नाही.

दुसऱ्या दिवशी सहाकोनी बॉक्स पाना लावा. बारा कोनांचा नको, अॅडजस्टेबल तर मुळीच नको. आधी आवळायच्या दिशेने जरासा झटका द्या, मग सोडायच्या दिशेने. किंचित हलला की एकदम काढू नका. पाव फेरा सोडा, थोडा आवळा, तेल द्या, पुन्हा सोडा. आटे कुठल्या दिशेचे आहेत तेही बाहेर आलेल्या टोकावरून बघून घ्या, म्हणजे आवळत असताना सोडतोय असं होणार नाही. पाईप लावायचीच झाली तर ती स्वतःकडे ओढा, अंगाने पुढे ढकलू नका, म्हणजे निसटली तर तोल पात्यांवर जाणार नाही.

जवळ टायरचं दुकान असेल तर एक सोपा मार्गही आहे. सुटा केलेला स्लॅशर ट्रॉलीत टाकून तिथे न्या. ट्रकच्या चाकांचे नट काढणारी हवेवरची गन झटक्यांनी काम करते आणि रात्रभर तेल प्यायलेला नट तिच्यापुढे सहसा टिकत नाही. दोन माणसांचा सबंध दिवस घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

कोपरे गेलेत असं तुम्ही लिहिलंय. तेल आणि हातोड्यानेही पाना धरला नाही, तर गेलेल्या नटावर मोठा नवा नट ठेवून आतल्या बाजूने वेल्डिंग भरून घ्या. पकड नवी मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जुना नट सैलही होतो. वेल्डरला एक गोष्ट बजावून सांगा: अर्थिंगची पकड त्या तव्यालाच, नटाच्या शेजारी लावायची. दूर फ्रेमला लावली तर करंट गिअरबॉक्सच्या बेअरिंगमधून जातो, बेअरिंगला बारीक डाग पडतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी गिअरबॉक्स घरघरायला लागतो. तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न दुसरा, यवतमाळ जिल्ह्यातून, बचत गटाची अवजार बँक चालवणाऱ्या ताईंचा: "वेल्डर म्हणतो गॅसने तापवतो, नाही निघाला तर कापतो. पात्यांना धोका आहे का?"

ताई, आहे, आणि तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत. पातं कारखान्यात ठरावीक तापमानाला कडक केलेलं असतं. गॅसची ज्योत त्यावर धरली की तेवढा भाग मऊ पडतो, आणि वरून पाणी ओतलं तर काचेसारखा ठिसूळ होतो. असं पातं दगडावर आपटून तुटलं तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून ज्योत फक्त नटावर, नट काळपट लाल होईपर्यंत. तो फुगतो, गंजाची पकड सुटते. मग पाना लावा. पाणी ओतायचं नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टजवळचा बोल्ट असेल तर गॅस वापरूच नका, रबरी ऑइल सील जळतं. आदल्या रात्री तेल मारलं असेल तर ज्योत लावण्यापूर्वी ते पुसून काढा. शेजारी पऱ्हाटीचा ढीग नको, पाण्याची बादली आणि वाळू हाताशी हवी. तापवलेला बोल्ट आणि नट पुन्हा वापरायचा नाही, तो भंगारात.

गटाचं यंत्र आहे, रोज भाड्याने जातं, तेव्हा माझं मत विचाराल तर गॅसपेक्षा ग्राइंडर बरा. नटाच्या एका सपाट बाजूला, बोल्टाच्या समांतर, आट्यांना टेकेपर्यंत चीर पाडा. त्या चिरेत छन्नी ठेवून एकच दणका दिला की नट उकलतो. मग जुन्या बोल्टाचा तुकडा किंवा सुंबा लावून बोल्ट ठोकून बाहेर काढा. डोळ्यांना चष्मा हवाच, साधा नंबरचा चष्मा चालत नाही. बोल्ट गेला तर जाऊ द्या, दुकानात मिळतो. पातं आणि तवा वाचला पाहिजे, आणि काम करणाऱ्या बाईचा किंवा माणसाचा हात.

रोटाव्हेटरलाही हेच सगळं लागू आहे, एक भर घालून. त्यात डावी आणि उजवी पाती ठरावीक क्रमाने लावलेली असतात. सगळी एकदम खोलू नका. आधी मोबाईलवर फोटो काढा, मग एक काढा, एक लावा. क्रम चुकला तर यंत्र हादरतं आणि रान वरखाली होतं.

प्रश्न तिसरा, त्याच जिल्ह्यातून: "गावातला साधा बोल्ट टाकला, दोन दिवसांत तुटला."

तुटणारच. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, तो त्याच्या ताकदीचा. डोकं कोरं असेल तर तो गेटच्या कामाचा बोल्ट समजा. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो आणि स्लॅशरचा गिअरबॉक्स ते आणखी वाढवतो, त्या झटक्याला कोरा बोल्ट पुरत नाही. स्लॅशरच्या पात्याचा बोल्ट तर कंपनीचाच घ्या, कारण त्याच्या खांद्यावर पातं झुलतं. बसवल्यावर पातं हाताने मोकळं फिरलं पाहिजे. दगड लागला की मागे वळून ते स्वतःला वाचवतं, आवळून बसलं तर सगळा मार बोल्टावर येतो. समोरासमोरची दोन्ही पाती जोडीनेच बदला, वजन सारखं हवं.

रोटाव्हेटरच्या ८.८ बोल्टाला, आटे कोरडे असताना, १२ मिलिमीटरला सुमारे ८० आणि १४ ला सुमारे १३० न्यूटन-मीटर इतका आवळण्याचा जोर (टॉर्क) लागतो. आट्यांना ग्रीस लावलं तर याहून कमी, नाहीतर बोल्ट ताणला जातो. स्लॅशरला पुस्तिकेतला आकडाच धरा. वायसर आणि नट दर वेळी नवे. नवे बोल्ट लावल्यावर पहिला तासभर काम झालं की इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावून बघा. पहिल्या तासातच ते बसतात आणि सैल पडतात.