'नॉन प्लस अल्ट्रा' जिब्राल्टरच्या खांबांवर खरंच कोरलेलं होतं का?

स्पेनच्या झेंड्यावर 'प्लस अल्ट्रा' (लॅटिनमधे 'अजून पुढे') असतं, मग त्याआधी जिब्राल्टरला 'नॉन प्लस अल्ट्रा' कोरलेलं होतं हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. 'नॉन'वाल्याचा अर्थ सोपाय, 'याच्यापुढे नाही', म्हणजे इथूनच मागे फिरा. गोष्ट अशी सांगतात की ग्रीक-रोमन पुराणातल्या हर्क्युलिस या वीराने भूमध्य समुद्राच्या तोंडाशी दोन खांब उभे केले, एक जिब्राल्टरचा डोंगर आणि दुसरा समोर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मधे अरुंद ठिकाणी जेमतेम 14 किलोमीटर पाणी, आणि खलाशांना दम द्यायला त्यावर ही पाटी.

पाटीची गोष्ट मला तरी थापच वाटते. खांबांच्या पलीकडे जाऊ नये असं पिंडार हा ग्रीक कवी म्हणतो, पुढे दान्ते हा कवीही इटालियनमधे तसंच काहीसं लिहितो, पण हे लॅटिन शब्द जुन्या ग्रीक-रोमन लेखकांकडे मिळत नाहीत. आणि फिनिशियन (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी) व्यापारी तर कधीच पलीकडे जाऊन स्पेनच्या काडिझ बंदरात दुकान मांडून बसलेले! मजा म्हणजे काडिझच्या हर्क्युलिसच्या देवळातले ब्रॉन्झचे खांब हेच 'ते' खांब असंही काही लोक मानायचे, आणि स्ट्रेबो हा प्राचीन ग्रीक भूगोलकार सांगतो की त्यांच्यावर लिहिलेलं काय, तर देऊळ बांधायला आलेला खर्च 😄 आपल्याकडे देवळात देणगीदारांच्या फरशा असतात ना, त्याच जातकुळीतलं.

मग हे आलं कुठून? 1516 मधे स्पेनचा राजा झालेल्या 16 वर्षांच्या चार्ल्सने (पुढे सम्राट झाला तो पाचवा चार्ल्स) दोन खांबांचं चिन्ह घेतलं, लुइजी मार्लियानो नावाच्या त्याच्या मिलानच्या डॉक्टरने सुचवलेलं. ब्रीद आधी फ्रेंचमधे होतं, 'अजून पुढे' अशा अर्थाचं, कारण त्याचा दरबार बर्गंडीचा, सगळे फ्रेंच बोलणारे, लॅटिन नंतर झालं. अर्ल रोझेंथाल या कला-इतिहासकाराने 1971 मधे मांडलं की 'नॉन' लावलेलं नकारवालं रूप या ब्रीदानंतरचं आहे. मला हे पटतं. म्हणजे मनाईचा बोर्ड लागला तोवर कोलंबस जाऊन येऊन वीसेक वर्षं उलटून गेलेली.

टिंगल करणाऱ्यांनीही हे ब्रीद सोडलं नाही. 1552 च्या शेवटी चार्ल्सने फ्रेंचांच्या ताब्यातल्या मेट्झ शहराला वेढा घातला आणि हात हलवत परतावं लागलं, तर विरोधकांनी लगेच 'नॉन अल्ट्रा मेटास' ('हद्दीपलीकडे नाही') करून टाकलं, कारण लॅटिनमधे 'मेटा' म्हणजे हद्दीची खूण आणि कानाला ते मेट्झसारखंच लागतं.