खानदेशातला काळा दगड म्हणजे जुना समुद्रतळ आहे का?

नाही. दोन्हीकडचा दगड बेसाल्टच, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड, पण आपला समुद्रतळाचा नाही. महासागरी कवच, म्हणजे समुद्राखालचा पृथ्वीचा वरचा खडकाळ थर, भूपट्ट (पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरकणारे मोठे तुकडे) एकमेकांपासून दूर सरकतात तिथे, समुद्राखाली तयार होतं आणि जेमतेम 7 किलोमीटर जाड असतं. खानदेशात साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला तो आधीच असलेल्या, त्याहून कितीतरी जाड खंडीय कवचावर, म्हणजे जमिनीखालच्या खडकाळ थरावर. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून भिंतीसारख्या सरळ जाणाऱ्या काळ्या दगडांच्या रांगा त्या वेळच्या भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या आहेत. जवळ जाऊन जरूर बघा. घाटरस्त्यांवर दोन थरांमध्ये दिसणारा लाल मातीचा पट्टाही हेच सांगतो, की लाव्हा उघड्या जमिनीवर पसरला होता. मात्र त्याच सुमारास सेशेल्स (आज हिंदी महासागरातली बेटं) भारतापासून तुटलं आणि मधल्या अरबी समुद्रात खरं महासागरी कवच तयार झालं.