जर्मन कॅपिटलआधीचा 'ख'

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या जर्मन शिकतात आणि चाळीस घरांच्या ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे संगणकावरचा मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या यंत्रावर, वाचतात (घर म्हणजे ब्रेलच्या एका चिन्हाची जागा). संगणकावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, एनव्हीडीए. त्या लिहितात: "ब्रेलचं टेबल 'जर्मन ग्रेड वन' ठेवलं की सगळी नामं स्मॉल अक्षरानं सुरू झालेली दिसतात. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं, नाहीतर गुण जातात. सॉफ्टवेअर चुकतंय की माझी सेटिंग? दुसरं असं की, वर्गात याला 'मोठं अक्षर' म्हणतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या अल्पदृष्टी मित्राला 'मोठ्या अक्षरातली' प्रत मिळते. त्यामुळे रोज गोंधळ. यासाठी नेमका मराठी शब्द कोणता?"

ताई, सॉफ्टवेअर चुकत नाही आणि तुम्हीही चुकत नाही. जर्मन ब्रेलमध्ये कॅपिटल सहसा दाखवतच नाहीत. ती तिथली जुनी, जाणूनबुजून पाळलेली रीत आहे आणि तुमचं टेबल, म्हणजे मजकुराचं ब्रेल करणारी नियमांची यादी, तीच पाळतं आहे.

असं का, ते एका साध्या वाक्यावरून कळेल. 'दी कात्से झिट्स्ट आउफ डेम टिश', म्हणजे मांजर टेबलावर बसली आहे. पूर्णविरामासकट, एका अक्षराला एक घर या हिशेबानं हे वाक्य 30 घरं घेतं. जर्मनांची 'फोलश्रिफ्ट', म्हणजे तुमचं ग्रेड वन, त्यात 'आउ', 'आय', 'ई', 'श' असे नेहमीचे अक्षरगट एकेका घरात बसवते. मग हेच वाक्य 26 घरांत मावतं. आता यातली तीन कॅपिटल दाखवायची ठरवली, तर प्रत्येकाआधी एक खूण, म्हणजे झाली 29. लिपीनं चार घरं वाचवली आणि कॅपिटलनं त्यातली तीन परत घेतली. इंग्रजीत कॅपिटल वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामांना, म्हणून तिथे ही चैन परवडते. जर्मनमध्ये टेबल, मांजर, भूक, पाऊस, सगळ्यांनाच कॅपिटल. डोळ्याला ते फुकट मिळतं, बोटाला प्रत्येक वेळी एक घर जास्त चालावं लागतं. शिवाय नामाआधी बहुधा 'डेर, दी, दास' यांपैकी कुणीतरी उभं असतंच, त्यामुळे नाम ओळखायला कॅपिटलची फारशी गरज पडत नाही.

गंमत म्हणजे डोळसांमध्येही या कॅपिटलवर नाराज असलेला एक मोठा माणूस होऊन गेला. परीकथांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ग्रिम बंधूंपैकी याकोब. 1854 मध्ये त्यांच्या जर्मन शब्दकोशाचा पहिला खंड निघाला, त्यात त्यानं नामं सरळ स्मॉल अक्षरांत छापली. छापील जर्मननं त्याचं ऐकलं नाही. शेजारच्या डॅनिश भाषेनं 1948 मध्ये नामांची कॅपिटल सोडली, जर्मननं आजही सोडलेली नाहीत. याकोबचं ऐकलं ते ब्रेलनं, असं म्हणायला हरकत नाही.

पण कॅपिटल नसल्यानं कुठेच अडत नाही असंही नाही. 'इष वाइस, वास झी वोलेन' यातला 'झी' कॅपिटल असेल तर 'तुम्हाला काय हवंय ते मला ठाऊक आहे', स्मॉल असेल तर 'त्यांना काय हवंय ते'. क्रियापद दोन्हीकडे तेच. आपल्याकडे 'आपण' म्हणजे समोरचे की आपण सगळे, हे जसं संदर्भावरून कळतं, तसं इथेही बहुतेक वेळा कळतं. जर्मन शिक्षकांचं एक आवडतं उदाहरण याहून चावट आहे: 'एर हाट इन मॉस्काउ लीबे गेनॉसन'. शेवटचा शब्द कॅपिटल असेल, तर त्याला मॉस्कोत जिवलग कॉम्रेड आहेत. शेवटून दुसरा कॅपिटल असेल, तर त्यानं मॉस्कोत प्रेमाचा आस्वाद घेतला आहे. अक्षरं तीच, क्रम तोच. स्क्रीन रीडरच्या आवाजावरूनही उलगडा होणार नाही, कारण उच्चारही तोच. इथे खूणच हवी. (आणि हो, हा मजकूर देवनागरीत असल्यामुळे मलाही तुम्हाला फरक 'दाखवता' येत नाहीये, सांगावाच लागतोय. आपल्या लिपीत कॅपिटल नाही याची अडचण मला आयुष्यात पहिल्यांदाच झाली.)

खूण अर्थातच आहे. 2015 मध्ये जर्मनभाषक देशांच्या ब्रेल मंडळानं फ्रांकफुर्टमध्ये नियम नव्यानं ठरवले, त्यांतही ती आहे. ठिपके 4 आणि 6 यांचं घर आलं, की पुढचं एक अक्षर कॅपिटल (घरात डावीकडे वरून खाली ठिपके 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6). ठिपके 4 आणि 5 आले, की पुढचा अख्खा शब्द कॅपिटल. या खुणा सगळीकडे घालायच्या की गरज असेल तिथेच, हे मजकूर कशासाठी आहे त्यावर ठरतं. कादंबरीला नको, शुद्धलेखनाच्या धड्याला हव्यात.

आता मराठी ब्रेल वाचणाऱ्या बोटाची मजा बघा. 4-6 म्हणजे आपल्या भारती ब्रेलमधला, म्हणजे भारतीय भाषांच्या सामाईक ब्रेलमधला, 'ख'. 4-5 म्हणजे 'भ'. तुम्ही जर्मनची कॅपिटल चालू केलीत की प्रत्येक नामाच्या दारात एक ख उभा राहणार! 'हाउस' म्हणजे घर, हा शब्द फोलश्रिफ्टमध्ये कॅपिटलसकट लिहिला तर मराठी बोट त्याला 'खहछस' वाचेल, कारण 'आउ'चं घर 1-6 आणि तोच आपला छ. ट्रकसाठी जर्मन लोक 'एलकावे' अशी तीन अक्षरी कॅपिटल आद्याक्षरं वापरतात, ती होतात 'भलकठ'. टेबलासाठीचा 'टिश' तर 'खतइज्ञ'! मला जर्मन ब्रेल शिकताना पहिले पंधरा दिवस हे असंच ऐकू यायचं, आणि मी एकटाच हसायचो.

ब्रेलचे ठिपके सहा, त्यांच्या जोडण्या (कोरं घर सोडून) फक्त त्रेसष्ट, आणि भाषा शेकड्यांनी. त्यामुळे एकच घर वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या नावानं नांदतं. 1951 मध्ये बैरूतला युनेस्कोच्या बैठकीत भारतीय भाषांचं ब्रेल एकसूत्री झालं, तेव्हा धोरण असं होतं की जिथे जमेल तिथे सारख्या आवाजाला रोमन ब्रेलचंच घर द्यायचं. म्हणून जर्मन ह, ल, स आणि आपले ह, ल, स एकच. जर्मनचा दोन टिंबांवाला 'यू' आणि आपला ऊ एकाच घरात, दोन टिंबांवाला 'ए' आणि आपला आ एकाच घरात. पण ख आणि भ यांना रोमनमध्ये जोडीदार नव्हता, त्यांना उरलेल्या घरांत बसवलं गेलं. नेमक्या त्याच घरांत जर्मनांच्या कॅपिटलच्या खुणा आहेत.

यावर काळजी करण्यासारखं काही नाही. 3-4-5-6 हे घर आपल्याकडे 'ण' आहे, आणि तीच अंकखूणही. तुम्ही 'ण' नंतर 'अब' वाचता की सरळ 'बारा' वाचता? इंग्रजी ब्रेलमध्ये कॅपिटलची खूण म्हणजे एकटा सहावा ठिपका. तो आपला विसर्ग. शब्दाच्या शेवटी यायचा तो विसर्ग इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येतो, हे तुम्ही शाळेत पचवलंत. जर्मनचा खही पचेल.

सेटिंग सांगतो. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये 'ब्रेल' विभागात 'आउटपुट टेबल'ची यादी आहे. तिथे 'जर्मन ग्रेड वन'च्या जोडीला 'जर्मन ग्रेड वन (डिटेल्ड)' असं दुसरं नाव दिसेल. तसंच ग्रेड झीरो आणि ग्रेड टू यांचंही. 'डिटेल्ड' निवडलंत की कॅपिटलच्या खुणा उमटू लागतात. नावावरून हे कळणं कठीण आहे. 'तपशीलवार' म्हणजे कशाचा तपशील, ते कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं तुमच्यासारख्या अनेकांची वाट इथेच चुकते. ही टेबलं लिबलुई नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमधून येतात (नाव अर्थातच लुई ब्रेलवरून). सुरुवातीला ग्रेड झीरो डिटेल्ड ठेवा. त्यात अक्षरगट एका घरात कोंबलेले नसतात, त्यामुळे स्पेलिंग पाठ होतं. तिथे 'हाउस'चं 'ख ह अ उ स' होतं, म्हणजे खचा उंबरठा ओलांडला की शब्द चक्क मराठीत वाचता येतो.

त्याच विभागात कर्सरखालचा शब्द संगणक-ब्रेलमध्ये (एका चिन्हाला एक घर, अशा पद्धतीत) उलगडण्याचा एक पर्याय आहे. तो चालू असेल तर एकाच ओळीत दोन पद्धती दिसतात: कर्सर ज्या शब्दावर तो एका तऱ्हेचा, बाकीचे दुसऱ्या. टेबल बरोबर लागलंय का ते तपासताना तो बंद ठेवा, नाहीतर तुम्ही भलत्याच निष्कर्षाला पोचाल.

दुसरा मार्ग आठ ठिपक्यांचा. यादीतलं 'जर्मन एट डॉट कम्प्यूटर ब्रेल'. यात तिसऱ्या ठिपक्याखाली सातवा आणि सहाव्याखाली आठवा असतो, आणि कॅपिटल म्हणजे तेच अक्षर अधिक सातवा ठिपका. जास्तीचं घर लागत नाही, ख नाही, भ नाही. अक्षराच्या पायाशी एक ठिपका जाणवला की झालं. गृहपाठ लिहायला, ईमेल पत्ता किंवा पासवर्ड तपासायला याच्यासारखं दुसरं नाही. मात्र दोन गोष्टी सांभाळा. कागदावरची जर्मन पुस्तकं बहुतेक सहा ठिपक्यांत असतात, तेव्हा फक्त यावर विसंबलात तर ती वाचायची सवय लागणार नाही. आणि इथे अंकखूण नाही. अंक म्हणजे ए ते आय या अक्षरांना सहावा ठिपका जोडून केलेली घरं, शून्याचं घर तेवढं वेगळं. म्हणजे 1 हा अंक होतो 1-6: फोलश्रिफ्टचा 'आउ', आणि आपला छ. बिचाऱ्या छला जर्मनीत दोन-दोन नोकऱ्या आहेत.

आवाजातही कॅपिटल कळू शकतं. एनव्हीडीए अक्षर-अक्षर वाचताना कॅपिटलला सूर चढवतो, आणि हवं तर त्याआधी 'कॅप' म्हणतो किंवा 'टूं' वाजवतो. अख्खं वाक्य वाचताना मात्र गप्प.

आता शब्दाकडे, म्हणजे माझ्या खऱ्या आवडीच्या विषयाकडे.

'मोठं अक्षर' हा शब्द डोळस वर्गात चालून जातो, कारण तिथे कॅपिटल खरोखर आकारानं मोठं दिसतं. ब्रेलमध्ये ते मोठं नसतं. अक्षर तेवढंच, फक्त आधी खूण. आणि 'मोठ्या अक्षरातलं पुस्तक' हा शब्दप्रयोग अल्पदृष्टी वाचकांनी केव्हाच घेतला आहे, तो त्यांचा हक्काचा आहे. जर्मनांनी 'ग्रोस', म्हणजे मोठा, हाच शब्द दोन्हीकडे ठेवला, पण शेपटी बदलली: कॅपिटल अक्षर ते 'ग्रोसबुखश्टाबे', मोठ्या टाइपातली छपाई ती 'ग्रोसड्रुक', आणि कॅपिटलनं लिहिण्याची पद्धत 'ग्रोसश्राइबुंग'. एखाद्या दुकानात 'आमच्याकडे सेवा ग्रोस लिहिली जाते' असंही म्हणतात, म्हणजे सेवेला फार महत्त्व आहे. (अंध जर्मन लोक डोळसांच्या छापील लिपीला 'श्वार्त्सश्रिफ्ट', 'काळी लिपी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. ज्यांना काळं दिसत नाही तेच तो वापरतात.)

जुन्या मराठी शाळांत 'पहिली एबीसीडी' म्हणजे कॅपिटल आणि 'दुसरी एबीसीडी' म्हणजे स्मॉल. माझी धाकटी बहीण डोळसांच्या शाळेतून आली आणि "आज दुसरी एबीसीडी शिकवली" म्हणाली, तेव्हा मी चक्रावलो होतो. माझ्या ब्रेल टोचायच्या स्लेटवर एकच एबीसीडी होती आणि ती मला संपूर्ण वाटत होती. दोन दिवस मी आईला विचारत होतो, माझी दुसरी कुठे आहे म्हणून.

माझं मत: सरळ 'कॅपिटल' म्हणा. मराठीत हा शब्द अक्षरापुरताच रुजला आहे. पैशाला आपण भांडवल म्हणतो आणि शहराला राजधानी, त्यामुळे घोटाळा नाही. आद्याक्षर म्हणू नका, कारण ते शब्दात पहिलं असलेलं अक्षर, मग ते स्मॉल का असेना. 4-6 ला 'कॅपिटलची खूण' म्हणा, 4-5 ला 'पूर्ण शब्दाची कॅपिटल खूण'. 'मोठं अक्षर' तुमच्या मित्राच्या प्रतीसाठी राहू द्या.

आणि वर्गात बाईंना एक विनंती करून पाहा. मराठी माणूस स्पेलिंग सांगताना 'एस कॅपिटल, आय, ई' असं सांगतो, विशेषण मागे. वहीत लिहिणाऱ्याला काही फरक पडत नाही, त्यानं अजून पेन टेकवलेलं नसतं. ब्रेलमध्ये खूण अक्षराच्या आधी. 'एस' ऐकून तुम्ही स्लेटवर तीन ठिपके टोचून मोकळ्या होता, मग 'कॅपिटल' कानावर येतं, आणि नखानं ठिपके चेपत बसावं लागतं. बाईंनी 'कॅपिटल एस' म्हटलं की काम झालं.