1957 च्या एमजीए गाडीचा ब्लॉक फुटलाय. जिप्सीचं इंजिन बसवू, कॉन्टेसाचं की अँबेसेडरचं?

तुम्ही निपाणीचे, गाडी कोल्हापूरहून घेतलीय, एमजीए 1500, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिच्या ब्लॉकला (इंजिनाच्या बिडाच्या मुख्य सांगाड्याला) तडा आहे, आणि तीन मिस्त्र्यांनी तीन इंजिनं सुचवलीत. माझं मत विचाराल तर अँबेसेडरचं पेट्रोल इंजिन. पण जुना ब्लॉक भंगारात घालण्याआधी थांबा.

बेळगावात उद्यमबागेत आमचं बोअरिंग आणि लेथचं वर्कशॉप आहे, वडिलांच्या वेळेपासून. बिडाचे फुटलेले ब्लॉक रोज दारात येतात. तडा बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या भोकात, उतरला असेल तर अवघड आहे. वॉटर जॅकेटला, म्हणजे थंड करणारं पाणी फिरतं त्या भागाला, बाहेरून असेल तर स्टिचिंग होतं. तड्याच्या रेषेवर भोकं पाडायची, आटे पाडायचे आणि एकमेकांत अडकत जाणारे स्क्रू बसवत शेवटपर्यंत जायचं. वेल्डिंग कुणालाही करू देऊ नका. बिडाला आच सोसत नाही, एक तडा भरतो आणि शेजारी दुसरा जातो. ब्लॉक वाचला तर बाकीचं सगळं उत्तर वाचायची गरजच नाही.

नाहीच वाचला तर अँबेसेडर का, ते सांगतो. तुमच्या एमजीएमधलं 1489 सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीजचं, आणि पहिलं साइड-व्हॉल्व्ह इंजिन गेल्यावर अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षं आलं तेही त्याच घराण्यातलं. बोअर 73.025 मिमी, स्ट्रोक 88.9 मिमी, दोन्हीकडे तेच. म्हणजे आपल्या स्टँडवर जी टॅक्सी धूर सोडत उभी असायची, ती तुमच्या स्पोर्ट्स कारची सख्खी चुलत बहीण. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केटसाठी इंग्लंडकडे बघत बसायला नको.

मात्र नुसतं उचलून ठेवलं की बसलं, असं होत नाही. पुढची आणि मागची प्लेट, चेंबर (खालची तेलाची टाकी), फ्लायव्हील, मॅनिफोल्ड आणि एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर हे सगळं तुमच्या जुन्या इंजिनावरून काढून नव्यावर चढवा. अँबेसेडरचा एकच कार्ब्युरेटर ठेवलात तर गाडी चालेल, पण टॅक्सीसारखी. एमजीए 72 हॉर्सपॉवरच्या आसपास होती, ती या दोन कार्ब्युरेटरच्या आणि कॉम्प्रेशनच्या जिवावर. हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या घालून घ्या. ही हेडं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. आपल्याकडे 2000 साली शिसं बंद झालं, तेव्हापासून बिडाच्या नुसत्या सीटा हळूहळू झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातात. आताच्या ई20 पेट्रोलला जुने रबरी पाइपही टिकत नाहीत, तेही बदला. क्रँकच्या मागून तेल ठिबकेल. या इंजिनाला तिथं आजच्यासारखं रबरी सील नाही, त्यामुळे ते ठिबकतंच. मिस्त्रीशी भांडू नका. आणि एक फसगत टाळा. अँबेसेडरचं डिझेल इंजिनही 1489 सीसीचंच होतं. भंगारवाला फक्त आकडा सांगेल, तर आधी स्पार्क प्लगची भोकं बघा, डिझेलला ती नसतात.

जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन वाईट नाही. गाडीच्या लांबीत उभं बसतं, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला जमतं, आणि चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस वेगळा असल्यामुळे गिअरबॉक्स सुटा मिळतो. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या स्टँडर्ड हेरॉल्डमध्ये मी तेच घातलं होतं. हेरॉल्डचं अख्खं बॉनेट पुढं उलटतं, टायरवर बसून काम करता येतं, म्हणून हुरूप आला. मूळ गिअरबॉक्स ठेवायचा हट्ट माझा, म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट केली. ती बरोबर मध्यावर बसलीय का ते बघायला वडिलांनी फ्लायव्हीलला मॅग्नेट लावून डायल गेज धरला आणि इंजिन हातानं फिरवायला लावलं. काटा साठ रेघा हलला. एक रेघ 0.01 मिमी, म्हणजे अर्ध्या मिमीच्या वर. मी म्हटलं, चालेल. ते म्हणाले, "चालेल की वो, क्लच खाईपर्यंत." प्लेट परत मशीनवर गेली, दहा रेघांवर आणली तेव्हाच बोल्ट आवळू दिले.

गाडी सुसाट पळायला लागली. चौथ्या महिन्यात चोर्ला घाटात चढाला दुसरा टाकला आणि मागून बंदुकीसारखा आवाज. मागचं चाक फिरवणारा हाफ शाफ्ट तुटला होता. चाळीस हॉर्सपॉवरच्या हिशोबानं केलेल्या शाफ्टावर मी ऐंशी लादले होते, त्यात शाफ्टाची काय चूक?

तुमच्या एमजीएलाही तोच हिशोब लागतो. 1500 ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पुढचे डिस्क 1600 ला आले. जास्त ताकद घालायची तर आधी ब्रेकचा खर्च. कॉन्टेसाच्या 1817 सीसीच्या इसुझूला तर पाच गिअरचा बॉक्सही येतो, मोह होतो, पण मग गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा बोगदा कापायचा, प्रोपेलर शाफ्ट तोडून जोडायचा. त्यात तुमच्या गाडीला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलट बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. जिप्सीच्या एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) इंजिनाचा ईसीयू, म्हणजे कंट्रोल कॉम्प्युटर, त्याला चुकून जोडलात तर पहिल्या चावीला जळेल. सगळं वायरिंग उलटं करावं लागेल. काहीही बसवलंत तरी चासी कापू नका, बोल्टनं बसेल आणि बोल्टनंच निघेल असं करा.

आता कागद. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमामुळे मनाला येईल तसा बदल चालत नाही. इंजिन बदलणार तर आरटीओची मंजुरी घ्या आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. तुमची गाडी कोल्हापूरची, म्हणजे एमएच-09 ची असणार. एनओसी आणून चिक्कोडीला केए-23 करून घेताना इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही तपासतात. म्हणून इंजिनाला हात लावायच्या आधी एनओसीचं बघा. मी हेरॉल्डचं इंजिन एका भंगारवाल्याकडून बिनबिलाचं घेतलं होतं. तपासणीवरून दोनदा परत आलो आणि शेवटी बिलासाठी त्याच्याच मागं फिरलो. बिल आणि इंजिन ज्या गाडीतलं तिच्या आरसीची झेरॉक्स, हे हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको ही अट आहे, आणि अशी गाडी रोज बाजारात नेता येत नाही. पुढंमागं ती नोंदणी करायची असेल तर जिप्सी किंवा कॉन्टेसाच्या जपानी इंजिनाचा विषय इथंच संपला. फुटका ब्लॉकही नंबरच्या पट्टीसकट जपून ठेवा.

तडा कुठं आहे त्याचा फोटो टाका, म्हणजे स्टिचिंगचं नक्की सांगता येईल. आणि सीटांच्या मागं दोन्ही बॅटऱ्या उचलून खालच्या पट्ट्या स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. ॲसिड सांडून तिथंच कुजतं, आणि स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर इंजिन वर्षभर बाजूला ठेवा.