सहभोजी म्हणजे परजीवी नव्हे!

प्रश्न असा आलाय की प्रयोगातल्या उंदरांच्या आतड्यांबद्दल वाचताना 'सहभोजी जिवाणू' असा शब्द दिसला, तर म्हणजे परजीवीच ना? नाही हो, अजिबात नाही! हल्ली जो तो पोटातल्या झाडून सगळ्या जिवाणूंना परजीवी म्हणत सुटतो, ऐकून ऐकून कान किटले. जंत हे परजीवी. ज्यांच्यावाचून आतड्याची प्रतिकारशक्ती धड घडतच नाही ते परजीवी कसे?

२००९ सालचा न्यूयॉर्कचा प्रयोग घ्या. एकाच वाणाचे उंदीर, फक्त दोन वेगळ्या पुरवठादारांकडचे, पण एकांच्या लहान आतड्यात टीएच-१७ नावाच्या प्रतिकारपेशी भरपूर आणि दुसऱ्यांच्यात जवळजवळ नाहीतच. फरक निघाला एका जिवाणूचा, दोऱ्यासारखा लांब, लहान आतड्याच्या शेवटी अस्तराच्या पेशीत टोक रुतवून बसणारा. तो नसलेल्या उंदरांना तो दिला की त्या पेशी तयार व्हायला लागल्या, आणि सिट्रोबॅक्टर नावाच्या रोगजंतूला आतडं जास्त चांगलं तोंड द्यायला लागलं.

आता शब्दाकडे या. इंग्रजी 'कमेन्सल' लॅटिनमधून आला, 'मेन्सा' म्हणजे जेवायचं टेबल, एका टेबलावर जेवणारे ते कमेन्सल. गंमत म्हणजे 'पॅरासाइट'सुद्धा जेवणाचाच शब्द, ग्रीकमध्ये दुसऱ्याच्या पानाशेजारी बसून जेवणारा, आणि सुरुवातीला तर देवळातल्या प्रसादाच्या जेवणाला बसणाऱ्या मानकऱ्याला तसं म्हणायचे! आपल्या 'परजीवी'त ते जेवण पार हरवलं.

कोशवाल्यांनी 'कमेन्सल'चा 'सहभोजी' केलाय, चुकीचा नाही, पण कोरडा. टेबलाच्या जागी आपल्याकडे काय असतं? पंगत! आणि पंगत आली पंक्तीवरून, पंक्ती आली 'पंच'वरून, मुळात पाचांचा गट, म्हणून तर वेदातला पंक्ती छंद पाच चरणांचा, प्रत्येकी आठ अक्षरं. तेव्हा माझ्या मते वारकरी, माळकरी तसा 'पंगतकरी' म्हणावं. यावर पुस्तकी मंडळी सांगणार की सहभोजीची व्याख्या म्हणजे यजमानाला, ज्याच्या अंगात तो राहतो त्याला, ना नफा ना तोटा, हा जिवाणू तर उपयोगी पडतो, मग त्याला सहजीवी म्हणा. अहो, पण पंगतीला लोक जेवून उठले की यजमानाचंच कार्य पार पडतं ना? 'सहभोजी'त यजमान दिसतच नाही, पंगत म्हटलं की तो आलाच, धोतर खोचून वाढत फिरणारा. बरं, त्याने एकाला तूप वाढलं आणि शेजारच्याला नाही तर त्यालाही आपल्याकडे तयार शब्द आहे, पंक्तिप्रपंच, आणि आतडंसुद्धा काही जिवाणूंना जवळ येऊ देतं, काहींना लांब ठेवतं!