हलव्याच्या दागिन्यांचा घरगुती व्यवसाय आहे. ऑर्डर कशा वाढवाव्यात?

हे दागिने संक्रांत ते रथसप्तमी एवढ्याच काळात घालतात, म्हणून जाहिरात नोव्हेंबरअखेरीस सुरू करा. परदेशातली पार्सलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायलाच हवीत.

बोरन्हाणाचा आणि नववधूचा असे दोनच ठरलेले सेट ठेवा. प्रत्येकीसाठी नवं डिझाइन करत बसलात तर वेळेचे पैसे सुटत नाहीत. फोटो खिडकीजवळ, काळ्या कापडावर काढा, पांढरा हलवा त्यावरच उठून दिसतो. व्हॉट्सअॅप कॅटलॉगमध्ये किंमत लिहाच. किंमत म्हणजे सामान, तासांची मजुरी आणि पॅकिंग, त्यावर १० टक्के तुटफूट, मग नफा. निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि बाळाच्या डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये विचारा. मुकुट घट्ट झाला की तक्रार ठरलेली!

खरा घोळ ओलाव्याचा. हलवा दमट हवेत चिकट होतो, म्हणून हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलची पुडी. ती बाळापासून दूर ठेवा असं डब्यावर ठळक लिहा. बाळं दागिने हमखास तोंडात घालतात, तेव्हा त्यांच्या सेटला गोंद नको, दोऱ्यानेच घट्ट गुंफा. ही गोष्ट जाहिरातीत आवर्जून सांगा, आया नेमकं हेच विचारतात.