तक्त्याशी अडलेली वाचक

पत्र : "अर्थशास्त्रात एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हापासून बँकिंग आणि कॉर्पोरेट फायनान्सचे शोधनिबंध वाचायचा नाद लागलाय. पण चार पानं झाली की रीग्रेशनच्या (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजणाऱ्या) तक्त्याशी अडते. आमचे सर म्हणतात, या विषयात सगळं लिहून झालंय. घरच्यांच्या मते पीएचडीत पाच-सहा वर्षं घालवण्यापेक्षा बँकेतली नोकरी बरी. काय करू?"

उत्तर :

आधी सरांचं म्हणणं. ठेवी कधीही परत मागता येतात, कर्जं मात्र वर्षानुवर्षं अडकलेली असतात; म्हणून 'बाकीचे पैसे काढतील' या नुसत्या भीतीनंही चांगली बँक कोसळू शकते, हे डायमंड आणि डिबविग या अर्थतज्ज्ञांनी १९८३ मध्ये मांडलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं. बरोब्बर पाच महिन्यांनी तू म्हणतेस ती बँक बुडाली. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२०० कोटी डॉलर बाहेर गेले. ९० टक्क्यांहून जास्त ठेवींना विम्याचं संरक्षण नव्हतं. अमेरिकेतले व्याजदर वर्षभरात शून्याजवळून साडेचार टक्क्यांवर गेल्यानं बँकेकडच्या कमी व्याजाच्या जुन्या बाँडच्या (कर्जरोख्यांच्या) किमती पडल्या होत्या, पण मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून घेतलेल्या बाँडचा तोटा नफा-तोट्यात धरावा लागत नव्हता.

त्याच महिन्यात जियांग, मॅटव्होस, पिस्कोर्स्की आणि सेरू या संशोधकांनी हिशेब मांडला : अमेरिकी बँकांच्या मालमत्तेचं बाजारमूल्य हिशेबवहीतल्या आकड्यापेक्षा सुमारे २ लाख कोटी डॉलरनं कमी आहे. उलट ड्रेक्स्लर, सावोव आणि श्नाबल यांनी २०२१ मध्येच दाखवलं होतं की दर वाढले तरी बँका ठेवींवर फारसं व्याज वाढवत नाहीत, आणि ठेवीदारही लगेच हलत नाहीत. म्हणजे स्वस्त ठेव हेच बँकेचं चिलखत. मग खरं काय? ठेवीदार बसून राहिले तर चिलखत आहे, उठले तर नाही. कोण बसतं, कोण उठतं, मोबाइलवर दोन मिनिटांत पैसे हलवता येऊ लागल्यावर काय बदललं, यावर आत्ता काम चालू आहे. सगळं लिहून झालंय म्हणे!

आता तुझं अडणं. पेपर पहिल्या पानापासून वाचूच नकोस. मुख्य तक्ता काढ आणि विचार : कशाची तुलना कशाशी? ख्वाजा आणि मियाँ यांचा २००८ चा पेपर घे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पाकिस्तानात ज्या बँकांकडे डॉलरच्या ठेवी जास्त होत्या, त्यांना पैशाची जास्त चणचण भासली. कर्जं घटली, पण बँकेनं हात आखडला म्हणून, की कंपन्यांनीच कमी मागितलं म्हणून? त्यांनी एकच कंपनी धरली, जी दोन बँकांकडून कर्ज घेते. मागणी त्याच कंपनीची, त्यामुळे दोन कर्जांतला फरक बँकांच्या माथी. ज्या बँकेची रोकड १ टक्का जास्त घटली, तिचं कर्ज आणखी ०.६ टक्क्यानं कमी झालं. हे वाचून 'अरे, असंही करता येतं!' असं वाटलं, तर हा विषय तुझा. 'बरं, मग?' असं वाटलं, तर तुला बातमीचा नाद आहे, संशोधनाचा नाही. त्यात कमीपणा नाही. अर्थपत्रकारिता आणि बँकांचे जोखीम विभाग अशाच माणसांवर चालतात.

पटकन निर्णय घेऊ नकोस, आधी हात काळे कर. अमेरिकी बँका दर तिमाहीला नियामकाकडे जी विवरणपत्रं भरतात, त्यांचा डेटा फुकट मिळतो. डिसेंबर २०२२ ची तिमाही उतरवून घे आणि प्रत्येक बँकेच्या एकूण ठेवींत विमा नसलेल्या किती, एवढंच काढ. आकडे हजार डॉलरमध्ये असतात, हे विसरून माझ्या किती विद्यार्थ्यांनी छोट्याशा बँकेला राक्षस बनवलंय! मागच्या तिमाह्या जोडायला गेलीस की विलीन झालेल्या बँका मध्येच गायब होतील. या धंद्यात बराचसा वेळ अशा निवडण्या-टिपण्यातच जातो, आणि त्याचा कंटाळा येणाऱ्यानं पुढे जाऊ नये. कॉर्पोरेट फायनान्सचंही तेच. फक्त तिथले डेटाबेस बहुधा महागडे, विद्यापीठामार्फतच मिळणारे.

घरच्यांची काळजी रास्त आहे. शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन नसेल तर पीएचडीची जागा घेऊ नकोस, हे मी सगळ्यांनाच सांगतो. त्याआधी वर्ष-दोन वर्षं एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागात पगारी सहायक म्हणून काम मिळतंय का बघ. पगारही सुरू होतो, शिफारसपत्रही मिळतं, आणि रोजचं काम कसं असतं ते जवळून दिसतं.

गणिताबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून विचारतो : लिनिअर अल्जिब्रा आणि संभाव्यता नीट झालंय का? नसेल तर या सुट्टीत तेवढंच कर. आणि ठेवींचा तो तक्ता तयार झाला की पाठव. चुकलेला असला तरी चालेल.